पिकअपचा ड्राइव्हट्रेन अपग्रेड: कोल्हापुरातनं सारखे येणारे प्रश्न

टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस हे पिकअप घेतलेली पोरं आता कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात बरीच झालीत, आणि गाडी घेतली की आधी रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), मग मोठे टायर, हे ठरलेलंच. त्यानंतरचे प्रश्न माझ्याकडं येतात, रात्री साडेअकराला, फोटोसकट, आणि बहुतेक तेच ते. म्हणून एकदाच लिहून ठेवलंय, आता विचारलं की नंबर सांगणार. वाचताना एवढं धरून ठेवा की गाडीत कुठला पार्ट आधी तुटावा हे आपण ठरवायचं असतं, नाहीतर ते गाडी ठरवते आणि ती नेमकं करूळ घाटात ठरवते.

१. ड्राइव्हट्रेन म्हणजे नक्की काय काय आलं त्यात?

इंजिनची ताकद टायरपर्यंत पोचवणारं सगळं. क्रमानं सांगायचं तर फ्लायव्हील, क्लच (ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर), गिअरबॉक्स, फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी), मग प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट, मग डिफ म्हणजे डिफरेन्शियल, आतलं क्राऊन-पिनियन धरून, तिथनं दोन्हीकडं एक्सल शाफ्ट, हब, टायर. आपल्याकडच्या या पिकअपना मागं सरळ एक्सल आणि पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं त्यामुळं पुढच्या बाजूला सीव्ही जॉइंट (चाक वळलं, वर-खाली झालं तरी फिरवत ठेवणारे) येतात. टर्बो, एक्झॉस्ट, इंटरकूलर हे यात नाही, ते विचारायला दुसरं कोणतरी गाठा.

२. ड्राइव्हट्रेनला मारतं कोण, हॉर्सपॉवर की टॉर्क?

टॉर्क, आणि त्यातही टायरची ग्रिप. हे जरा नीट समजून घ्या कारण पुढची निम्मी उत्तरं यातनंच निघतात.

इंजिन समजा ५०० न्यूटन मीटर देतंय. पहिला गिअर साडेतीनच्या आसपास आणि डिफ चारच्या आसपास धरला तर मागच्या एक्सलवर ५०० गुणिले साडेतीन गुणिले चार, म्हणजे ७,००० न्यूटन मीटर येऊ शकतात. लो रेंज (ट्रान्सफर केसमधला हळू, जास्त ताकदीचा गिअर) टाकली की ती अजून अडीच पटीनं वाढवते, म्हणजे १७,००० च्या पुढं. आता टायरकडं बघा. मागच्या एक्सलवर दीड टन वजन, कोरडा डांबरी रस्ता, तर दोन्ही टायर मिळून साधारण साडेचार हजारच रस्त्याला देऊ शकतात, त्याच्यावर गेलं की टायर फिरतो आणि ताण सुटतो. म्हणजे रिकाम्या पिकअपला कितीबी पॉवर वाढवा, पावसात टायर घसरणार, एक्सल शाबूत राहणार. तुटतं कधी, तर मागं माल भरलाय, टायर मोठे आणि चिकट आहेत, दगडात टायर अडकलाय आणि वरनं लो रेंजमध्ये पाय दाबलाय. तेव्हा टायर सुटत नाही आणि सगळा झटका सगळ्यात कमजोर पार्टवर जातो.

म्हणून "किती एचपीला कुठला एक्सल" असं विचारू नका. वजन किती, टायर कुठले आणि गाडी कुठं चालवता ते सांगा.

३. रीमॅप केलाय, पॉवर वाढली. आता पहिल्यांदा काय बदलू?

पहिल्यांदा काहीच बदलू नका, आधी आहे ते तपासा. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफ, सगळीकडचं ऑइल काढून बघा, जॉइंट हलवून बघा, प्रॉपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असतो तो चालतो, बोटांत चोळला तर मलमासारखा लागतो. त्यात टोचणारा कीस किंवा दाताचा तुकडा निघाला तर अपग्रेड राहू दे, आधी रिपेरी.

त्यानंतर मॅन्युअलवाल्यांनी क्लचकडं बघायचं (प्रश्न ४) आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी कूलिंगकडं (प्रश्न ६). बाकी सगळं नंतर.

आणि कंपनी स्वतः काय करते ते बघा की. हायलक्सचं २.८ डिझेल इंजिन एकच, पण ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलला ४२०. इंजिन तेच असून ८० कमी. मॅन्युअलवाला रीमॅप करून ४२० च्या पुढं गेला की कंपनीनं स्वतःच्याच गाडीला आखून दिलेली रेघ ओलांडली, एवढं डोक्यात ठेवून पुढचा खर्च धरा. रीमॅप करणाऱ्याला सांगा की खालच्या आरपीएमला टॉर्क एकदम उभा करू नको, पहिल्या दोन गिअरला आवरून धर. चांगला ट्यूनर हे करून देतो. "होत नाही" म्हणाला तर दुसरा ट्यूनर बघा.

४. मॅन्युअल आहे. क्लच स्लिप होतोय हे ओळखायचं कसं, आणि सिरॅमिक टाकू का?

मोकळ्या रस्त्याला, हायवेला कागलच्या पुढं वगैरे, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये आरपीएम १,५०० च्या जवळ आणा आणि पाय पूर्ण दाबा. काटा पटकन वर गेला आणि गाडी मागनं निवांत आली तर क्लच सटकतोय. पहिल्या गिअरमध्ये बघण्यात अर्थ नाही, तिथं गाडी हलकी असते त्यामुळं कळत नाही.

सिरॅमिक बटन क्लच पकडतो जबरदस्त, पण तो एकतर सुटलेला असतो नाहीतर लागलेला, मधलं काय नाही. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सहाला अडकून बघा, किंवा गुजरीत गाडी घालून बघा, गुडघा आणि गाडी दोघं दणके खातील आणि त्या प्रत्येक दणक्याचा ताण पुढं गिअरबॉक्स आणि जॉइंटवर. रोजच्या गाडीला मी ऑरगॅनिक प्लेटच सांगतो, फक्त जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्या. केवलार मिश्रणाची प्लेट पण चांगली, गुळगुळीत लागते, फक्त तिला सुरुवातीचे बरेच किलोमीटर सांभाळून घासू द्यावं लागतं आणि एकदा जास्त तापली की ती परत पहिल्यासारखी होत नाही, म्हणजे घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची ज्याला सवय आहे त्यानं तिच्या नादाला लागू नये.

क्लच सेट टाकताना रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग जुनंच ठेवणारे महाभाग आहेत. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत द्यायची हौस असेल तर ठेवा.

५. मेस्त्री म्हणतोय ड्युअल मास फ्लायव्हील काढून सिंगल टाकू, कायमची कटकट जाईल. खरंय का?

अर्धं खरं. ड्युअल मासमध्ये आत स्प्रिंग असतात, डिझेलचे झटके ते गिळतात. टॉर्क खूप वाढवला की ते स्प्रिंग शेवटपर्यंत दबून आपटायला लागतात आणि फ्लायव्हील जातं. सिंगल मास मजबूत आणि स्वस्त, पण मग झटके गिळणारं कोण राहिलं नाही, ते थेट गिअरबॉक्सकडं जातात. न्यूट्रलला खडखड ऐकू येणार, कमी आरपीएमला थरथर जाणवणार. माल ओढायची गाडी असेल आणि आवाजाचं काय वाटत नसेल तर करा, पण क्लच प्लेट मग मोठ्या डॅम्पर स्प्रिंगची घ्या. घरच्यांना घेऊन गोव्याला जायची गाडी असेल तर नवीन ड्युअल मासच टाका.

६. ऑटोमॅटिकला क्लचच नाही, मग आम्ही निवांत ना?

निवांत तोपर्यंतच, जोपर्यंत ऑइल गार आहे. ऑटोमॅटिकमध्ये पण आत क्लच प्लेटाच असतात, फक्त त्या ऑइलच्या दाबानं लागतात, आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसतो तेव्हा तो ऑइल घुसळून उष्णता करत बसतो. भरलेली गाडी घेऊन आंबा घाट किंवा गगनबावड्याकडं चढ, मागं ट्रेलर, बाहेर एप्रिलचं ऊन, की ऑइल तापलंच. ८० ते ९५ अंशात ते सुखात असतं, १२० च्या वर सारखं जायला लागलं तर ऑइल लवकर मरतं, जुना ढोबळ नियम असा की दर दहा अंशाला आयुष्य निम्मं.

म्हणून माझ्या मते ऑटोमॅटिक पिकअपला पैसे लावायची पहिली जागा म्हणजे वेगळा ट्रान्समिशन कूलर आणि तापमान दाखवणारं मीटर. बऱ्याच गाड्यांत गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायच्या डोंगलवर मोबाईलमध्ये हे तापमान दिसतं, दोनचार घाट ते बघत चढा, मग कूलर लागतो का नाही ते आपोआप कळेल. त्यानंतर ऑइल लवकर बदला. "लाइफटाइम फिल" म्हणतात त्यावर भरलेल्या पिकअपनं विश्वास ठेवू नये. व्हॉल्व्ह बॉडी, मजबूत कन्व्हर्टर हे त्याच्या पुढचं, आणि ते काम कुणीही उघडायचं काम नाही. कोल्हापुरात मॅन्युअल गिअरबॉक्स डोळे मिटून उघडणारे मेस्त्री आहेत, ऑटोमॅटिकचा माणूस मात्र नीट चौकशी करून धरा.

७. मोठे टायर टाकले, आता गाडी मेल्यासारखी झालीय. क्राऊन-पिनियन बदलायचं का?

आधी हिशोब करू. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. २८५/७० आर १७ टाकला की ८३१. म्हणजे ७ टक्के वाढ, म्हणजे फायनल ड्राइव्ह ७ टक्के उंच झाला. ३.९ चा रेशो आता ३.६५ असल्यासारखा वागतो. पहिलं होतं तसं करायला ४.१८ च्या आसपास लागेल, मिळतात ४.१, ४.३, ४.५६ असे, त्यातला ४.१ जवळचा आणि ४.३ जरा जोमदार.

पण फक्त ७ टक्क्यांसाठी दोन डिफ उघडायचे का? ऑटोमॅटिक आणि ५०० न्यूटन मीटर असेल तर माझं मत नको असंच आहे. व्ही-क्रॉस १.९ ला ३६० न्यूटन मीटरच आहेत, तिला मात्र फरक कळतो, विशेषतः वरती माल आणि तंबू असेल तर. १० टक्क्यांच्या वर टायर वाढवला तर मग रेशो बदलायचाच, कारण क्लच आणि कन्व्हर्टर दोघं त्याची किंमत मोजत असतात. उलट बाजू पण आहे, रेशो १० टक्के खाली आणला की हायवेला त्याच स्पीडला आरपीएम १० टक्के जास्त, पुण्याला रोज जाणाऱ्याला डिझेलमध्ये ते दिसतं.

आणि २६५/७० आर १७ घेतला असता तर व्यास ८०३ च्या आसपास झाला असता, जेमतेम साडेतीन टक्के, आणि हा प्रश्नच आला नसता. पण फोटोत तो मोठा दिसत नाही ना.

८. पैसे कमी आहेत, फक्त मागचाच रेशो बदलला तर?

टू व्हील ड्राइव्ह असेल तर बदला, काय अडचण नाही. फोर बाय फोर असेल तर अजिबात नाही. पुढचा डिफ एक रेशो मागतो आणि मागचा दुसरा, फोर बाय फोर टाकलं की दोघं ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना पिळतात आणि टायर घसरला नाही तर चेन, शाफ्ट किंवा केस फुटते. "मी फोर बाय फोर टाकतच नाही" म्हणणाऱ्यानं ती गाडी विकताना पुढच्या माणसाला हे सांगायचं लक्षात ठेवावं.

९. आमचा फिटर म्हणतो क्राऊन-पिनियन अंदाजानं बसतं, वीस वर्षं बसवतोय. बसवू द्यायचं का?

वीस वर्षं बसवत असेल तर त्याच्याकडं डायल गेज (बारीक खेळ मोजायचं काट्याचं मीटर) असेलच. असेल तर द्या. नसेल तर नमस्कार करून या.

त्या कामात काय असतं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. पिनियन किती आत-बाहेर बसलाय ते शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून ठरतं. मग क्राऊनच्या बाजूचे शिम किंवा नट फिरवून बॅकलॅश ठरतो, म्हणजे पिनियन धरून ठेवून क्राऊन हलवला तर किती खेळतो. तो मिलिमीटरच्या पाचव्या-आठव्या भागाचा मामला, बहुतेक डिफना ०.१३ ते ०.२० च्या आसपास, नक्की आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनं घ्यायचा. मग क्राऊनच्या चार-पाच दातांना मार्किंगचा रंग लावतात, क्राऊनला हातानं अडवत पिनियन फिरवतात आणि रंग कुठं पुसला जातो ते बघतात. पुसलेला डाग दाताच्या मधोमध, लांबट अंड्यासारखा दिसला पाहिजे. दाताच्या शेंड्याला गेला तर पिनियन लांब आहे, मुळाला गेला तर फार आत. नाही बसलं तर सगळं उघडा, शिम बदला, परत रंग लावा. चांगला माणूस हे तीन-चार वेळा करतो आणि वैतागत नाही. पिनियनचं बेअरिंग प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) आणि क्रश स्लीव्ह (तो दाब धरणारी, दबणारी नळी) हे वेगळंच, स्लीव्ह एकदा जास्त दाबली की नवीनच लागते, नट मागं फिरवून भागवणाऱ्याला तिथंच थांबवा.

नवीन बसवल्यावर पहिले पाचशे-आठशे किलोमीटर हलकं चालवायचं, ट्रेलर नाही, लांब हायवे एका दमात नाही, सुरुवातीला वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून गार होऊ द्यायचं आणि शेवटी ऑइल बदलायचं. पाय दाबला की हूंऽऽ आवाज आणि सोडला की गप्प, असं झालं तर सेटिंग चुकलंय, "घासलं की जाईल" यावर विश्वास ठेवू नका.

१०. एलएसडी, लॉकर, मेकॅनिकल लॉकिंग, यात फरक काय? मला कुठलं?

शेतकऱ्याच्या घरातला असशील तर तुला हे माहितीय भावा. ट्रॅक्टरला टाचेजवळ डिफ लॉकचं पेडल असतं, एक चाक चिखलात फिरायला लागलं की दाबायचं आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लॉकर म्हणजे तेच, फक्त पायाऐवजी बटन, आणि आत हवेच्या दाबानं नाहीतर विजेच्या कॉइलनं लागतो. हायलक्सला मागं इलेक्ट्रिक लॉकर कंपनीकडनंच येतो, आधी आपल्या व्हेरियंटला आहे का बघा, नसेल तरच विकत घ्या.

एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफ, तो पूर्ण लॉक करत नाही, घसरणाऱ्या चाकाकडनं थोडी ताकद दुसरीकडं ढकलतो. प्लेटांचा असतो तो झिजतो आणि त्याला ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह लागतं, गिअरांचा असतो तो झिजत नाही पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की हात टेकतो. महिंद्राच्या थारच्या काही व्हेरियंटमध्ये इटनचा मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे, तो तिसरा प्रकार, दोन चाकांच्या फिरण्यात साधारण शंभर आरपीएमचा फरक पडला की आपोआप लॉक होतो. चांगला आहे, पण आधी चाक फिरावं लागतं आणि मग तो ठण् करून लागतो, दगडात तो ठण् आवडत नाही.

कुणाला काय? मसाई पठारावर वर्षातनं दोनदा, बाकी हायवे, तर काहीच नको, टायर चांगले घ्या. ऊस वाहतुकीच्या शिवारातनं, दाजीपूरकडच्या लाल चिखलातनं रोजचं जाणं असेल तर मागं बटनाचा लॉकर. पुढं पण लॉकर पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी सीव्ही जॉइंटच्या किमती विचारून याव्यात, कारण स्टिअरिंग वळवून पुढचा लॉकर लावून पाय दाबला की जातात ते तेच.

११. लॉकर नाहीतर फोर बाय फोर घाटात चालूच ठेवला तर ग्रिप वाढेल ना?

ओल्या डांबरावरसुद्धा नाही. आपल्या पिकअपचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, डांबर टायरला घसरू देत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो. काढायला गेलं की लिव्हर किंवा नॉब निघत नाही, ते याच्यामुळं. तसं झालं तर सरळ रिव्हर्समध्ये थोडं मागं घ्या, सुटतं. लॉकर लावून वळणावर गेलात तर गाडी वळायचंच सोडते, नाक बाहेर काढते, आणि आंबोलीच्या धुक्यात ते कशाला करून बघायचं.

चिखल, खडी, वाळू, दगड, तिथं लावा आणि बाहेर आलं की काढा.

१२. एक्सल शाफ्ट तुटला. उद्यमनगरात दोन दिवसांत बनवून देतात, कंपनीचा कशाला घेऊ?

कोल्हापूरकराला हा प्रश्न पडणारच, इथं लेथवर काय बनत नाही. पण एक्सल शाफ्टमध्ये टर्निंग हे सोपं काम आहे, अवघड काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

आधी तुटलेला तुकडा बघा, फेकू नका. तोंडावर अर्धगोल रेघा आत आत सरकत गेलेल्या, बऱ्यापैकी गुळगुळीत, आणि एका कोपऱ्यात खडबडीत भाग उरलेला, असं असेल तर तो फटीग, म्हणजे चीर खूप दिवस वाढत होती आणि त्या दिवशी फक्त संपली. सगळंच तोंड दाणेदार असेल तर एका झटक्यात गेलाय. स्प्लाइन म्हणजे टोकाच्या खाचा दोरीसारख्या पिळलेल्या दिसल्या तर मटेरियल मऊ होतं किंवा ताण मर्यादेच्या फार पुढं गेला. पहिल्या प्रकारात साधा चांगला नवीन शाफ्ट पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्यात चालवायची पद्धत, टायर आणि वजन यांचा विचार करा (प्रश्न २), मग मजबूत शाफ्टचा.

आता बनवायचाच असेल तर विचारायचं काय, तर मटेरियल कुठलं आणि हीट ट्रीटमेंट कुठं. ईएन-८ पोलादात बनवतो म्हणाला तर नको, तो शाफ्ट चारचाकीच्या फिरत्या झटक्यासाठी नाही. ईएन-२४ पाहिजे, बाहेर ज्याला ४३४० म्हणतात त्याच्या जवळचं ते, मटेरियलचं सर्टिफिकेट मागा. मग पूर्ण हार्डनिंग-टेंपरिंग, किंवा वरचा थर इंडक्शननं कडक आणि गाभा चिवट. नुसताच कडक केला तर काचेसारखा जातो. जिथं व्यास बदलतो तिथं कोपरा गोल ठेवायचा, टूलनं धारदार खाच पाडली की चीर तिथनंच सुरू होणार. स्प्लाइनच्या मुळाला पण हेच. शिरोली, गोकुळ शिरगावला हे सगळं नीट करणारी युनिट आहेत, ऑटो कंपन्यांना माल देतात, पण ते एक नग घ्यायला सहसा तयार होत नाहीत आणि जो एक नग दोन दिवसांत देतो तो बहुतेक हीट ट्रीटमेंट गाळतो. म्हणून पिकअपच्या मागच्या एक्सलला मी तरी कंपनीचा नाहीतर नावाजलेल्या ब्रँडचाच सांगतो. ब्रॅकेट, स्किड प्लेट, स्पेसरचे बुश हे उद्यमनगरात डोळे झाकून करा, लय भारी करतात.

१३. मग सगळंच मजबूत टाकलं तर काहीच तुटणार नाही ना?

तुटणार, फक्त महागडं तुटणार. एक्सल मजबूत केला की ताण क्राऊन-पिनियनवर, ते केलं की प्रॉपेलर शाफ्टवर, ते केलं की ट्रान्सफर केसवर. प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस स्वस्त आहे, गाडीखाली आडवं पडून तासा-दोन तासांत बदलता येतो, एक डबीत घेऊन फिरता येतो. तोच आधी तुटू दे. पुढचा सीव्ही शाफ्ट तुटला तरी मागच्या चाकांवर घरी येता येतं. गिअरबॉक्सचं हाऊसिंग फुटलं तर भुईबावड्यातनं क्रेन.

१४. लिफ्ट केल्यापासनं ६० च्या पुढं गाडी थरथरते. बॅलन्सिंग तीनदा केलं.

टायरचं नाही ते, प्रॉपेलर शाफ्टच्या कोनाचं आहे. गाडी उचलली की शाफ्टचा उतार वाढतो. जॉइंटला तीन अंशांच्या आत काम करायला आवडतं, आणि दोन्ही टोकांचे कोन एकसारखे पाहिजेत, म्हणजे एका जॉइंटनं केलेली उलटसुलट दुसरा खोडून काढतो. मोबाईलवर कोन मोजायचं ॲप असतं, गाडी चाकांवर उभी असताना गिअरबॉक्सचं टोक, शाफ्ट आणि डिफचं पिनियन, तिन्हीचा कोन लिहून घ्या. दोन्हीकडच्या फरकात एका अंशापेक्षा जास्त तफावत असेल तर स्प्रिंगखाली पाचर घालून डिफ फिरवतात किंवा सेंटर बेअरिंग खाली घेतात. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगचा संशय आधी. जॉइंट बदलताना शाफ्टवर खूण करून काढा, उलटा बसवला की नवीन जॉइंट टाकूनही थरथर तशीच.

पुढं सीव्हीच्या रबराला घडीवर घड्या पडलेल्या दिसल्या तर लिफ्ट जास्त झालीय, दोन इंचांच्या पुढं जायचं तर पुढचा डिफ खाली घेणारे स्पेसर लागतात.

१५. ऑइल कुठलं टाकू? दुकानदार म्हणतो ९० नंबर सगळीकडं चालतं.

नाही चालत. डिफला जीएल-५ दर्जाचं, कारण क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात आणि त्यांना गंधक-फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च, जीएल-५ मधली काही ॲडिटिव्ह गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला खातात. जाडी पण पुस्तकातलीच. भरून ओढायचं काम जास्त असेल आणि पुस्तक परवानगी देत असेल तर डिफला जाड ग्रेड घ्या. एलएसडी असेल तर प्रश्न १० मधलं ॲडिटिव्ह विसरू नका, विसरलं की पार्किंगला वळताना कर्रर करतो.

१६. पुराच्या पाण्यातनं गाडी काढली, आता नीट चालतीय. काय बघायचं?

२०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. गरम डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधनं (हवा आत-बाहेर करायचं छोटं तोंड) पाणी ओढते. गाडी आज चालेल, महिन्यानं बेअरिंग ओरडेल. चाकाच्या हबच्या वर पाणी आलं असेल तर दोन्ही डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळ्यांचं ऑइल काढा, दुधाळ निघालं तर एकदा स्वस्त ऑइल भरून थोडं फिरवून परत काढा, मग चांगलं भरा. ब्रीदरचा पाइप लांब करून बॉनेटपाशी वर आणून ठेवणं हे या पूर्ण पानावरचं सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. पंचगंगेच्या काठच्या माणसानं लॉकरच्या आधी हे करावं.

१७. यूट्यूबवर अमेरिकेतले ट्रक बघतो, त्यांचे पार्ट मागवले तर?

ते जनावरच वेगळं. रॅम ३५०० मधलं ६.७ लिटर कमिन्स २०१९ मध्येच १,००० पौंड-फूटला पोचलं, म्हणजे १,३५६ न्यूटन मीटर, आपल्या हायलक्सच्या अडीच पटीपेक्षा जास्त. फोर्डच्या सुपर ड्युटीला पुढं पण डानाचा सॉलिड एक्सल, शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्सवाल्या हेवी ड्युटी ट्रकला २००१ पासनं अॅलिसनच्या नावाचा गिअरबॉक्स. त्यांच्या व्हिडिओतनं पद्धत शिका, पार्ट नको. आपल्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि थायलंड बघा, तिकडं हायलक्स आणि डी-मॅक्स (म्हणजे आपली व्ही-क्रॉसच) रस्तोरस्ती आहेत, लॉकर, रेशो, क्लच सगळं मिळतं. फक्त मागवताना स्प्लाइनची संख्या आणि क्राऊनचा व्यास आपल्या गाडीवर मोजून मगच, मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या गाडीत देशागणिक डिफ बदलतो.

१८. माझी बोलेरो कॅम्पर आहे, हे सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, आकडे लहान. टायर, क्लच, ऑइल, ब्रीदर. पुढं पैसे घालू नका.

१९. आरटीओ पकडेल का? वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिफच्या आतला लॉकर कोण उघडून बघत नाही हे खरं, पण उंच लिफ्ट आणि बाहेर आलेले टायर लांबनं दिसतात आणि तपासणी तिथनं सुरू होते. इन्शुरन्सला बदल लिहून कळवा, न कळवता क्लेम अडकला की तुमची बाजू कमजोर पडते. वॉरंटी चालू असताना रीमॅप केला आणि गिअरबॉक्स गेला तर शोरूमवाला ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर वाचून बघणार, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. माझं सरळ मत, वॉरंटी संपेपर्यंत कूलर, ब्रीदर, ऑइल एवढंच, आणि कूलरचंसुद्धा आधी विचारून.

२०. बदललेले जुने पार्ट ठेवू की भंगारात घालू?

क्राऊन आणि पिनियन जोडीनं घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. दात चांगले असतील तर ऑइलच्या कापडात गुंडाळून, दोन्ही तारेनं एकत्र बांधून, शिम कुठल्या बाजूचे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, गाडी विकताना मूळ रेशो परत टाकता येतो. एक हरवला की दुसरा भंगारच. चांगला निघालेला एक्सल शाफ्ट डाव्या-उजव्याची खूण करून स्पेअर म्हणून ठेवा, लांबी वेगळी असू शकते. जळकी क्लच प्लेट, झिजलेले क्रॉस, चीर गेलेला शाफ्ट हे मात्र लगेच घाला, गॅरेजच्या कोपऱ्यात पडले की कुणीतरी सहा महिन्यांनी "चांगला दिसतोय की" म्हणून दुसऱ्याच्या गाडीला बसवतो.